लायब्ररीच्या गटात 'ले मिझेराब्ल': अख्खी वाचायची की गाळून?

गवतीचहा

नमस्कार मंडळी,

ओहायोतल्या आमच्या लहानशा गावची पब्लिक लायब्ररी दरवर्षी 'सगळ्या गावाने मिळून वाचायचं' असं एक पुस्तक ठरवते. एरवी ते तीनशे पानांचं, नुकतंच गाजलेलं काहीतरी असतं. लोक दोन आठवड्यांत वाचून टाकतात, लेखकाशी झूमवर गप्पा होतात, कुकीज खाऊन मंडळी घरी जातात. यंदा समितीतल्या कुणाच्या तरी अंगात आलं आणि व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' ठरली. पाच भाग, ३६५ प्रकरणं, इंग्रजीत हजारावर पानं. लेखकाला झूमवर आणायची सोय नाही.

मंगळवारचा संध्याकाळचा गट चालवायचं काम मी हौसेने घेतलं होतं, ते पुस्तक ठरायच्या आधी. गटात निवृत्त शिक्षिका आहेत, शिफ्ट संपवून येणाऱ्या नर्सेस आहेत, एक ट्रकचालक आहेत जे सगळं कानानेच वाचतात. शिवाय मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक मराठी काका-काकू आहेत. काकांनी शाळेत असताना साने गुरुजींचं 'दुःखी' वाचलंय, म्हणजे पुढे काय होतं हे गटात फक्त त्यांना ठाऊक आहे, आणि ते सांगत नाहीत.

समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो संक्षिप्त आवृत्ती घ्या, नाहीतर वॉटर्लूपर्यंत खुर्च्या रिकाम्या होतील. दुसरा म्हणतो, मग ही कादंबरी घेतलीच कशाला? असा गट कुणी चालवलाय का? कुणी अर्ध्यात सोडलाय का? कुठे सोडला तेही सांगा.

रिकामा_डबा

पाव चोरला म्हणून नायकाला १९ वर्षं कैद. आमच्याकडे बँक बुडवणारे परदेशात स्थायिक होतात. असो, धागा छान. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

केळफूल

@रिकामा_डबा, पाव चोरल्याबद्दल ५ वर्षं, बाकीची १४ पळून जायच्या प्रयत्नांबद्दल. आणि तो पाव त्याला मिळालाही नाही. पळताना फेकून दिला होता, हात मात्र काचेने कापलेला, आणि बेकरीवाल्याने धावत जाऊन पकडला. घरी बहीण आणि तिची सात मुलं.

मूळ प्रश्नाबद्दल: बिनधास्त संक्षिप्त घ्या. मी कॉलेजात संक्षिप्तच वाचली, ढसाढसा रडले, काहीही कमी पडलं नाही. नोकरी करणाऱ्या बायकांना पॅरिसच्या कॉन्व्हेंटमधल्या जोगिणींची दिनचर्या वाचायला लावणं हा छळ आहे.

भालदार_चोपदार

केळफूल, कमी पडलं नाही हे तुम्हाला कसं कळणार? जे गाळलं ते तुम्ही पाहिलंच नाहीत.

केळफूल

घ्या. आले शुद्धतावादी.

तिसरी_घंटा

मी न्यू जर्सीत अशा एका गटात होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे संपूर्ण आवृत्ती ठरली. लायब्ररीने एका पिशवीत दहा-बारा प्रती, प्रश्नांची यादी आणि पात्रांचा तक्ता असं देऊन टाकलं. पहिल्या बैठकीला खुर्च्या कमी पडल्या. लोकांना वाटलं होतं नायक ज्याँ व्हालज्याँ पहिल्याच पानावर बेड्या खळखळवत येईल. तो येत नाही. पहिली १४ प्रकरणं दीन्य गावच्या बिशपची: त्याला पगार किती, त्यातला तो कुठे किती देतो, घरात दारांना कुलपं का नाहीत. दुसऱ्या बैठकीला माणसं निम्मी. जी उरली त्यातली बरीच वॉटर्लूला गळाली. तिथे १९ प्रकरणं लढाई आहे आणि आपल्या ओळखीचं माणूस येतं ते शेवटच्या प्रकरणात, रात्री प्रेतांचे खिसे चाचपणारा तेनार्दिए.

पण गंमत अशी की जे बिशपपाशी गळाले ते खरे हुकले. १५,००० फ्रँक पगारातले १,००० स्वतःला ठेवून बाकीचे वाटून टाकणारा माणूस आहे, हे जमाखर्चासकट वाचलेलं असेल तरच चांदीची भांडी चोरणाऱ्याला 'मेणबत्तीदाण्या विसरलास की' म्हणणारा तो बिशप खरा वाटतो. तो जमाखर्च गाळला की तो सिनेमातला देवमाणूस होतो. सिनेमातल्या देवमाणसावर चर्चा होत नाही, सगळे माना डोलावतात आणि कुकीज खातात.

तेव्हा गाळायचंच असेल तर दुसरं काहीही गाळा, बिशप ठेवा.

निवांत_मी

आधी नाव कसं उच्चारायचं ते ठरवा. आमच्याकडे 'लेस मिझरेबल्स' म्हणणारे, 'ला मिझराब' म्हणणारे आणि काहीच न म्हणता 'ते जाड पुस्तक' म्हणणारे असे तीन पंथ होते.

अंजनवेल_

'ते जाड पुस्तक' +१

पानिपतचा_सदाशिव

फ्रेंच राज्यक्रांतीवरचं पुस्तक अमेरिकन गावात लोकप्रिय व्हायला काय हरकत आहे? तेही क्रांतीतूनच आलेले. बॅस्टिलचा भाग आला की गट आपोआप रंगेल.

भालदार_चोपदार

बॅस्टिल या कादंबरीत पडत नाही हो सदाशिवराव. व्हालज्याँ सुटतो १८१५ मध्ये. बॅरिकेड आहेत ते जून १८३२ चे, जनरल लामार्कच्या अंत्ययात्रेतून पेटलेल्या उठावाचे. तो उठाव दोन दिवसांत चिरडला गेला. १७८९ वेगळं.

गटचालकांनी हे पहिल्याच दिवशी भिंतीवर लावावं. निम्म्या लोकांच्या डोक्यात गिलोटिन असतं आणि ते शेवटपर्यंत त्याची वाट पाहतात.

पानिपतचा_सदाशिव

पराभूत उठाव आहे म्हणता? मग तर वाचायलाच हवं. ते आमचं खास क्षेत्र.

शेजारचं_वाचनालय

मी सातारा जिल्ह्यातल्या एका 'ब' वर्ग वाचनालयात काम करते. नाव लिहीत नाही, संचालक मंडळ हे संकेतस्थळ वाचतं.

गवतीचहा, तुमच्याकडे लायब्ररीसाठी घरपट्टीबरोबर जादा कर द्यायचा का यावर गाव मतदान करतं, असं मागे तुम्हीच कुठल्याशा धाग्यावर लिहिलं होतं. आमच्याकडे १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. अनुदान येतं तेव्हा येतं. सभासद मासिकं, दिवाळी अंक आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं नेतात. गटवाचन वगैरे कुणी सांगितलं नव्हतं. पण दुपारी दोन ते चार वाचनालय ओस असतं, म्हणून मी वाचून दाखवायला सुरुवात केली. येतात त्या बहुतेक साठीच्या पुढच्या बायका. काहींना अक्षरं दिसत नाहीत, काहींना कधी शिकवलीच नाहीत.

कपाटात 'दुःखी'ची पुन्हा बांधलेली जुनी प्रत होती, तीच काढली. मला वाटलं होतं चोरीच्या प्रसंगाला सगळ्या हळव्या होतील. एक आजी म्हणाल्या, "चांदी घरातली होती ना? मग बहिणीला विचारलं का त्यानं?" झालं. त्यावरच दुपार गेली. एकीचं म्हणणं, त्याची आहे, तो देईल. दुसरी म्हणाली, घासते कोण? रात्री दार उघडं टाकून झोपतो तेव्हा जागी कोण राहतं? मी घरी जाऊन नेटवरचा इंग्रजी मजकूर काढून पाहिला. मेणबत्तीदाण्या त्याला आत्तेआजीकडून, म्हणजे त्याच्याच घराण्यातून आलेल्या. दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं. आजी म्हणाल्या, "मग ठीक. तरी विचारायला काय झालं होतं?"

बिशपची बहीण आणि घरकाम करणारी माग्लोआरबाई या दोघींकडे मी स्वतः कधी पाहिलंच नव्हतं. आता वाचताना त्या दोघीच दिसतात.

गवतीचहा, संक्षिप्त की संपूर्ण ते तुम्ही ठरवा. वाचून दाखवा मात्र. बैठकीत निदान दोन पानं मोठ्याने.

गवतीचहा

शेजारचं_वाचनालय, दंडवत. हा प्रतिसाद समितीला इंग्रजीत करून पाठवला तर चालेल का?

शेजारचं_वाचनालय

पाठवा. संचालक मंडळ इंग्रजी वाचत नाही.

केळफूल

:D :D

पण बघा, त्या आजींनी ऐकलं ते रूपांतरच होतं ना? साने गुरुजींनी ह्यूगो मराठी माणसासाठी सांगितला, पाल्हाळ बाजूला ठेवला. तरी चर्चा रंगली. माझा मुद्दा शाबूत आहे.

तिसरी_घंटा

मुद्दा शाबूत, पण त्यांना इंग्रजी मजकूर उघडावा लागलाच की.

ड्रेनेज_भाऊ

नगरपालिकेच्या ड्रेनेज विभागात उभी नोकरी काढलेला माणूस आहे. साहित्यातलं कळत नाही. पण या कादंबरीतला एक भाग माझ्या साहेबांनी मला झेरॉक्स काढून दिला होता, तो म्हणजे पाचव्या भागातला पॅरिसच्या गटारांचा इतिहास. संक्षिप्त आवृत्तीत पहिल्यांदा तोच उडवतात, त्याबद्दल निषेध नोंदवतो.

ह्यूगो सुरुवातच अशी करतो की पॅरिस दरवर्षी अडीच कोटी फ्रँक पाण्यात फेकतं. कशाचे? मैल्याचे! शहराचा मैला शेतात गेला तर सोनं, नदीत गेला तर रोग. चिनी शेतकऱ्याला हे कळतं, पॅरिसला कळत नाही, असं तो लिहितो, १८६२ साली. मग ब्रुनसो नावाचा माणूस येतो. नेपोलियनच्या काळात १८०५ पासून सात वर्षं त्याने जुनी गटारं आतून फिरून पाहिली आणि त्यांचा नकाशा केला. तोवर कुठली लाइन कुठे जाते हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. आमच्या पालिकेत अजूनही कितीतरी ठिकाणी तीच परिस्थिती आहे. जुना मुकादम रिटायर झाला की नकाशा त्याच्याबरोबर घरी जातो.

हे सगळं झाल्यावर व्हालज्याँ बॅरिकेडवर जखमी झालेल्या, बेशुद्ध मारियुसला खांद्यावर टाकून त्या गटारातून जातो. कुठे चढ, कुठे उतार, गाळात पाय कुठे जाईल, डावीकडे वळलं तर काय होईल. आधीची प्रकरणं वाचलेली असतील तर अंगावर काटा येतो, नसतील तर ती नुसती घाण. मी मॅनहोलमध्ये उतरणारी माणसं पाहिलीत. त्यातली सगळी वर आली नाहीत. त्या प्रकरणाला पाल्हाळ म्हणणाऱ्याने एकदा झाकण उघडून खाली बघावं.

अंजनवेल_

या धाग्याचा सर्वोत्तम प्रतिसाद.

निवांत_मी

पाल्हाळ हा शब्द मागे घेतो. (मी वापरला नव्हता, तरी घेतो.)

बे_एरियातला_बंड्या

अवांतर: मुळात ही 'अख्ख्या गावाने एकच पुस्तक' कल्पना सिएटलची. १९९८ मध्ये तिथल्या लायब्ररीत नॅन्सी पर्ल यांनी सुरू केली. २००१ ला शिकागोने उचलली, मग देशभर पसरली. २००२ मध्ये न्यूयॉर्कने प्रयत्न केला तर पुस्तक कुठलं यावरच भांडणं झाली. मला तरी न्यूयॉर्कचंच बरोबर वाटतं. अख्ख्या गावाने एकच पुस्तक का वाचावं? ज्याला जे हवं ते वाचू द्या. हे लायब्ररीवाले गर्दी दाखवायला करतात, पुढच्या बजेटला आकडे लागतात म्हणून.

तिसरी_घंटा

बंड्या, आकडे लागतात हे खरं. पण गावातला ट्रकवाला आणि हेडमास्तरीण एका टेबलाशी बसतात अशी दुसरी जागा तुमच्या गावात कुठली आहे? आमच्याकडे तरी गाड्यांच्या नंबरप्लेटच्या रांगेशिवाय नाही.

रिकामा_डबा

लायब्ररी म्हटलं की मला दंडच आठवतो. उशिरा पुस्तक परत केलं की काउंटरवर जो बसलेला असतो तो जाव्हेर, व्हालज्याँच्या मागे लागलेला तो पोलीस, आणि मी नुसता कैदी नंबर. "चोवीस हजार सहाशे एक, तुमच्याकडे बारा रुपये बाकी आहेत."

बे_एरियातला_बंड्या

इकडे जाव्हेर बेकार झाले. शिकागोने २०१९ मध्ये उशिराचा दंड बंद केला, न्यूयॉर्कने २०२१ मध्ये. काही गावांत त्याआधीपासून अशी पद्धत आहे की दंडाऐवजी डबाबंद अन्न आणून द्या. ते गरजूंना जातं, तुमचं खातं साफ.

गवतीचहा

अगं बाई! आमच्याकडे नोव्हेंबरात हेच असतं. हे आणि पाव, दोन्ही जोडता येईल. कार्यक्रमाच्या महिन्यात डब्यांची पेटी दारात ठेवायला सांगते.

भालदार_चोपदार

दंड बंद केला की पुस्तकं परत येत नाहीत. शिस्त नको का?

शेजारचं_वाचनालय

आमच्याकडे अनामत असते, म्हणून पुस्तक येतं. पण दंड साचला की माणूस येत नाही, तो अनामत सोडून देतो. पुस्तक तर गेलंच, सभासदही गेला. मी एकीचा दंड पदरचा भरला. ती आता दुपारच्या वाचनाला सगळ्यात आधी येते.

रिकामा_डबा

बिशपबाई, तुमच्याकडे चांदीची भांडी आहेत का? कधी येऊ? (हलकेच घ्या.)

पानिपतचा_सदाशिव

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मोडी_लिपीत

संक्षिप्त-संपूर्ण वादात एक ऐतिहासिक भर, तीही तुमच्या अमेरिकेतली. १८६२ मध्ये कादंबरी आली त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्बरचा इंग्रजी अनुवाद निघाला. तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. पुढच्या वर्षी दक्षिणेकडच्या रिचमंडमध्ये वेस्ट अँड जॉन्स्टन या प्रकाशकाने आपली आवृत्ती काढली आणि गुलामगिरीविरुद्धचे उल्लेख त्यातून काढून टाकले. जनरल ली यांच्या फौजेत ती इतकी वाचली गेली की सैनिक गमतीने स्वतःला 'लीज मिझरेबल्स' म्हणवून घेत.

म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढणारी माणसं छावणीत शेकोटीपाशी बसून ह्यूगो वाचत होती, त्यातला त्यांना टोचेल असा भाग वगळून. गाळणी कुणाच्या हातात आहे यावर खाली काय पडतं ते ठरतं. केळफूल, तुमची आवृत्ती कुणी, कशासाठी संक्षिप्त केली ते मुखपृष्ठावर लिहिलं होतं का?

केळफूल

परीक्षेसाठी. आणि हे उदाहरण भारी आहे हे मान्य, पण कॉन्व्हेंटची दिनचर्या गाळणं आणि गुलामगिरी गाळणं एक नाही.

मोडी_लिपीत

एक नाही हे खरं. पण दोन्हींत वाचकाला न विचारता गाळलं.

गवतीचहा

मोडी_लिपीत, हे समितीत सांगितलं आणि एकदम शांतता पसरली. आमचं गाव ओहायोचं, उत्तरेकडचं, त्यामुळे सगळ्यांना बरंही वाटलं, तेवढं कबूल केलं पाहिजे.

ग्रंथपालबाईंनी एक मधला मार्ग सुचवलाय. नॉर्मन डेनीच्या १९७६ च्या अनुवादात मठवासावरचं चिंतन आणि चोरभाषेवरचा निबंध हे दोन भाग गाभ्यातून काढून शेवटी परिशिष्ट म्हणून दिलेत. हवं त्याने वाचा. पण तो इतर ठिकाणीही कात्री चालवतो अशी त्याच्याबद्दल तक्रार आहे. २०१३ चा क्रिस्टीन डॉनहरचा संपूर्ण आहे आणि टिपा चांगल्या आहेत. फुकट हवा तर १८८७ चा हॅपगुडबाईंचा नेटवर आहे, भाषा जुनी.

निवांत_मी

३६५ प्रकरणं म्हणजे रोज एक. कॅलेंडरला लावा. मी तसंच वाचलं, सकाळच्या चहाबरोबर. काही प्रकरणं दोन पानांत संपतात, दात घासेपर्यंत होतात. काही दिवशी मात्र चहा दोनदा गरम करावा लागतो. लुई-फिलिप राजावर एक वाक्य आहे, ते संपतच नाही. मी ते वाचताना ऑफिसची बस चुकली.

अंजनवेल_

आमच्याकडे हा कार्यक्रम सिनेमा दाखवून सुरू केला आणि तिथेच संपला. लोकांनी गाणी म्हटली, रडले, घरी गेले. सिनेमा शेवटी ठेवा.

भालदार_चोपदार

दाखवायचाच तर सोहराब मोदींचा 'कुंदन' दाखवा, १९५५ चा. हीच गोष्ट. काका-काकू खूश होतील. तमिळमध्ये तर त्याआधीच, १९५० मध्ये, 'एळै पडुम पाडु' येऊन गेला होता.

केळफूल

पहिल्यांदाच भालदारांशी सहमत. तारीख नोंदवून ठेवा.

खाडीपलीकडे

मी इंग्लंडमध्ये असते. मागे गर्न्सी बेटावर जाणं झालं. ह्यूगोने ही कादंबरी जिथे पुन्हा हाती घेतली तो ओतव्हिल हाउस बंगला तिथे आहे, आता पॅरिस शहराच्या मालकीचा. वर काचेची खोली, समोर समुद्र, आणि तो उभ्याने लिहायचा. १८४५ मध्ये पॅरिसला सुरू केलेलं लिखाण १८४८ च्या धामधुमीत थांबलं, मग हद्दपारी. १८६० मध्ये त्याने ट्रंकेतून हस्तलिखित पुन्हा बाहेर काढलं. शेवट मात्र तिथे नाही केला. १८६१ मध्ये मुद्दाम वॉटर्लूच्या रणभूमीजवळ जाऊन राहिला आणि जूनअखेर तिथे संपवली. म्हणजे जी १९ प्रकरणं सगळे गाळायला बघताहेत, त्यांच्यासाठी म्हातारा बोटीने प्रवास करून गेला होता.

पुस्तक निघालं त्याच वर्षी त्याने बेटावरच्या गरीब मुलांना आठवड्यातून एकदा घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. गवतीचहा, तुमच्या डब्यांच्या पेटीवरून आठवलं.

आणि पुस्तक कसं खपतंय हे ह्यूगोने प्रकाशकाला नुसत्या '?' च्या तारेने विचारलं आणि उत्तर '!' आलं, ही गोष्ट कुणीतरी सांगेलच, तर त्याला पुरावा नाही.

रिकामा_डबा

मी टाइप करतच होतो!

मोडी_लिपीत

पुरावा असलेली एक सांगतो. पुस्तक महाग होतं, पॅरिसच्या कामगारांना एकट्याने परवडत नव्हतं. कारखान्यांत वर्गणी काढून ते घेतलं गेलं, आळीपाळीने वाचलं गेलं. बंड्यांनी विचारलं होतं एकच पुस्तक सगळ्यांनी का वाचायचं. तिथे कारण साधं होतं, प्रतच एक होती.

बे_एरियातला_बंड्या

हे आवडलं. तरी मी येणार नाही.

गवतीचहा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. गट सुरू झाला, म्हणून अपडेट.

संपूर्णच ठरली. पण सगळ्यांनी सगळं वाचायचं नाही. कथेचा भाग सगळ्यांना सक्तीचा, आणि प्रत्येक आडवळण कुणीतरी एकाने अंगावर घ्यायचं: वाचून यायचं, बाकीच्यांना दहा मिनिटांत सांगायचं आणि त्यातलं एक पान मोठ्याने वाचायचं (शेजारचं_वाचनालय, ही तुमची कृपा). मोडी_लिपीतची वर्गणीची गोष्ट वाचूनच हे सुचलं. वॉटर्लू ट्रकचालक काकांनी मागून घेतलं, ते सैन्यात होते. कॉन्व्हेंट एका नर्सने घेतलं. म्हणाली, रात्रपाळीत घंटेवर उठणाऱ्या बायकांबद्दल मला सांगू नका, मीच सांगते.

बिशपच्या बैठकीला मी आजींचा प्रश्न टाकला, बहिणीला विचारलं का? मराठी काकू तोवर कधी बोलल्या नव्हत्या. त्या मराठीत बोलायला लागल्या आणि काकांनी इंग्रजी करून सांगितलं. काका मध्येच थांबले, म्हणाले, "हे मी सांगणार नाही, हे माझ्याबद्दल आहे." पुढचं मग मीच सांगितलं. बैठक संपायला उशीर झाला, दिवे बंद करणारा माणूस दारात उभा.

गळती आहे. नऊजण कमी झाले. त्यातले तिघे म्हणाले फाँतीनने मुलीसाठी केस विकले इथवर जमलं, दात विकले तिथे पुस्तक मिटलं. त्यांना मी काही म्हटलं नाही.

आता अडचण: गटारं घ्यायला कुणी तयार नाही. ड्रेनेज_भाऊ, तुम्ही झूमवर याल का? मराठीत बोला, काका भाषांतर करतील. पाचवा भाग येईपर्यंत उन्हाळा असेल, म्हणजे आमचे संध्याकाळचे सात, तुमचे पहाटेचे साडेचार.

भालदार_चोपदार

काका सहा महिन्यांत परत जाणार होते ना?

गवतीचहा

मुदतवाढीचा अर्ज केलाय. कारणात कादंबरी लिहिलेली नाही.

ड्रेनेज_भाऊ

येतो. साडेचार चालेल. आमच्या वॉर्डात नळाला पाणी चारलाच येतं, जागाच असतो. दहा मिनिटं पुरणार नाहीत पण.